रिकाम्या हातांचं वजन

१

युस्टिनाचा स्वतःच्या हिशेबावर काडीचा विश्वास नव्हता. सातवीनंतर शाळा सुटली आणि ती बहिणींबरोबर काचेच्या हरितगृहात टोमॅटोच्या वेली बांधायला लागली. बेरीज-वजाबाकीशी जे काही थोडंफार नातं होतं, तेही तिथेच तुटलं. म्हणून आता घरात कुठलाही प्रश्न पडला, की ती साखरेच्या बरणीमागे ठेवलेला फोन काढायची आणि एखादं हिशेबाचं पान उघडायची. चौघांना बटाटे किती उकडायचे, कृतीत वाटीभर लिहिलंय ते वजनात किती, पाकिटावरची उष्णता आपल्या भट्टीच्या काट्यावर किती. चौकोनात आकडा भरायचा, बटण दाबायचं, की खाली उत्तर हजर. पान हसत नाही. एवढंही येत नाही का, असं म्हणत नाही.

तिचा नवरा इझाक त्या पानांना मास्तर म्हणायचा. जेवायला बसताना विचारायचा, "आज सूप मास्तरांनी किती माणसांचं सांगितलंय? मला मिळणार ना?"

तीही हसायची. पण तिच्याच वयाच्या बाकीच्या बायका असले प्रश्न सासूला विचारतात, हे तिला ठाऊक होतं. तिची सासू, आगानेटाबाई, लांब नव्हती. अंगण ओलांडलं की चाकांवरचं घर, सासरे गेल्यापासून तिथे एकटीच राहायची. बारा बाळंतपणं काढलेली बाई, विचारलं असतं तर डोळे मिटून उत्तर दिलं असतं. पण युस्टिनानं तिला काहीही विचारायचं सोडून दिलं होतं. दोन वर्षं होऊन गेली होती.

२

पहिली गोष्ट घडली ती शनिवारच्या पावांची.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे कुणीही न सांगता कॉफीला येतं, म्हणून शनिवारी घरोघरी जोडपाव भाजतात. खाली मोठा गोळा, त्याच्या डोक्यावर दाबून बसवलेला छोटा. आईच्या कडेवर पोर बसावं तसा तो छोटा गोळा एका बाजूला कलतो. या वेळी इझाकचा भाऊ बायको-पोरांसह नक्की येणार होता. युस्टिनानं माणसं मोजून पानावर भरली आणि पीठ किती ते विचारलं. उत्तर आलं तसं पीठ घेतलं, मळलं, भाजलं. टोपलीत रचताना लक्षात आलं, एका माणसापुरते पाव जास्त झाले होते.

तिनं पान पुन्हा उघडलं. माणसांच्या चौकोनात तिनं भरल्यापेक्षा एक आकडा जास्त होता. बोट घसरलं असेल. तिनं खोडून पुन्हा भरला. बटण दाबलं आणि उत्तर आलं तेव्हा चौकोनात पुन्हा तोच, एकानं वाढलेला आकडा.

रविवारी मंडळी आली, कॉफी झाली, चीज झालं, आलुबुखाराचा मुरंबा संपला. सगळे गेल्यावर टोपलीत जास्तीचे पाव उरले होते. त्यातल्या एकाचं डोकं गायब होतं. खालचा मोठा पाव तसाच, वरचा छोटा उपटून नेलेला. लहान पोरं असंच करतात, आधी वरचा खातात. पण जावेची पोरं मोठी होती आणि युस्टिनाची लेक लेना तर आठ महिन्यांची, तिला दातही आले नव्हते.

इझाक म्हणाला, "उंदीर."

"उंदीर असा नेमका छोटाच उचलतो?"

"या घरातला उंदीर शिकलेला असणार," तो म्हणाला. "मास्तरांच्या हाताखाली."

३

मग वयाचं पान.

लेनाला धान्याची पेज सुरू करायची होती, म्हणून युस्टिनानं तिची जन्मतारीख भरली. हे पान वय अगदी महिना-दिवसासकट सांगायचं. खाली आलं, दोन वर्षं आणि वर काही महिने.

तिनं तारीख तपासली. लेनाचीच होती. ओठ हलवत एकेक आकडा वाचला आणि पुन्हा बटण दाबलं. दोन वर्षं आणि तेवढेच महिने. स्वयंपाकघरात फ्रिजचा घर्रर्र आवाज तेवढा चालू होता. बाहेर अंगणात बर्फ कडक होऊन पडलेला, त्यावर ऊन. रोजच्यासारखीच सकाळ. तिनं फोन इझाकच्या हातात दिला. त्यानं तीच तारीख आपल्या जाड अंगठ्यानं भरली आणि वय आलं आठ महिने.

"तुझ्या हातात काहीतरी आहे बघ," तो म्हणाला आणि डबा उचलून कामावर निघून गेला.

तो चेष्टेत बोलला होता. पण युस्टिना आपल्या हातांकडे बघत बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्याच दिवशी लेनाचे कपडे बदलताना तिच्या गालावर एक ओरखडा दिसला. बारीक, लाल, ताजा. पोरं झोपेत स्वतःला ओरबाडतात, यात नवल काहीच नाही. पण लेनाची नखं तिनं आदल्याच दिवशी कापली होती. नखांच्या बाबतीत युस्टिना फार जपायची, जरा वाढली की कापायची. इझाक म्हणायचा, पोरीची बोटंच कापून टाकशील एक दिवस.

संध्याकाळी डोक्यावरचा काळा रुमाल सोडताना तिला स्वतःच्या मानेवर काहीतरी चुरचुरलं. आरशात पाहिलं तर तिथेही तसाच ओरखडा. कानाच्या खाली, जिथे कडेवरच्या पोराचा हात पोचतो तिथे.

४

तिनं स्वतःला बजावलं, की फोन जुना आहे, बिघडला असेल. पण आपलं मन दुसरंच सांगतंय, हे तिला कळत होतं. हिशेबाचं पान कधी चुकत नाही. तुम्ही जे भरता त्याचंच ते उत्तर देतं. खोटं भरलं तर खोट्याचं बरोबर उत्तर देतं.

हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

लग्नाच्या वेळीच तिला दिवस गेले होते. त्यांच्या चर्चच्या मंडळीत असं झालं, तर दोघांना सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यावी लागते, आणि बाकावर बसलेल्या बायकांची मान तेव्हा वर उचलत नाही, डोळे मात्र उचलतात. युस्टिनाच्या थोरल्या बहिणीला तसं उभं राहावं लागलं होतं. ते दृश्य तिच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून लग्नानंतर तिनं बाळंतपणाच्या तारखेचं पान उघडलं, त्यानं पाळीची शेवटची तारीख विचारली, आणि तिनं पुढची, लग्नानंतरची तारीख भरली. पानानं बाळाचा दिवस सांगितला. तिनं तो सगळ्यांना दाखवला. फोननंच सांगितलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? इझाकनं काही विचारलं नाही. आगानेटाबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाला पेन्सिलीनं गोल केला.

दवाखान्यात ती उशिराच गेली. तिथली बाई म्हणाली, बाळ तारखेच्या मानानं मोठं वाटतंय. युस्टिना म्हणाली, आमच्यात मुलं मोठीच होतात. तेही खोटं नव्हतंच.

मग एका सकाळी हालचाल मंदावल्यासारखी वाटली. ती अंगण ओलांडून सासूकडे गेली. आगानेटाबाईंनी कॅलेंडराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, अजून तीन आठवडे आहेत, पोरी. विसावा घेतंय ते. युस्टिना मान हलवून परत आली. तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. दुसऱ्या दिवशी हालचाल पूर्ण थांबली.

मुलगा होता. परिचारिकेनं त्याला धुवट दुलईत गुंडाळून आणलं आणि हळूच विचारलं, घेतेस का हातात? दुलईतून एक हात बाहेर आला होता. त्याची नखं बोटांच्या टोकापुढे वाढलेली. वेळेआधीच्या बाळाला अशी नखं नसतात. ती नखं सगळ्यांना सगळं सांगतील, एवढाच विचार त्या क्षणी युस्टिनाच्या डोक्यात आला.

ती म्हणाली, नको. घेऊन जा. आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

५

मार्च सरत आला होता. एके दिवशी दुपारी लेना झोपेतून उठली ती तापानं फणफणूनच. गाल लाल, डोळे अर्धवट मिटलेले, रडणंसुद्धा क्षीण. इझाक गाडी घेऊन हरितगृहात. कपाटात तापाचं औषध होतं, पण एवढ्या लहान बाळाला किती द्यायचं ते वजनावर ठरतं, असं बाटलीवर लिहिलेलं. युस्टिनानं परिचारिकेच्या मदतीचा क्रमांक लावला. पलीकडची बाई मायाळू होती. तिनं ताप विचारला, श्वास कसा आहे ते विचारलं, दूध पिते का विचारलं आणि म्हणाली, "घाबरू नका. आता फक्त वजन सांगा. नेमकं सांगा हं, अंदाजे नको."

शेवटचं वजन केव्हा झालं होतं, ते युस्टिनाला आठवेना. तिनं फोन ओट्यावर तसाच चालू ठेवला आणि न्हाणीघरातला काट्याचा वजनकाटा ओढून स्वयंपाकघरात आणला. बाळाचं वजन सगळ्या करतात तसंच करायचं होतं. आधी बाळाला घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं, आणि मधला फरक काढायचा.

लेनाला छातीशी धरून ती चढली. काटा थरथरत एका जागी थांबला. तिनं ती जागा लक्षात ठेवली. मग लेनाला कपड्यांच्या टोपलीत मऊ चादरीवर ठेवलं आणि एकटी चढली.

काटा मघाच्या जागी आला, तिथे थांबला नाही, आणि पुढे गेला.

ती उतरली. काटा शून्यावर आला. पुन्हा चढली. पुन्हा तो पुढेच. तिनं पिठाची न फोडलेली पिशवी त्यावर ठेवून बघितली. पिशवीवर छापलं होतं तेवढंच वजन आलं, तोळाभरही इकडे-तिकडे नाही. म्हणजे वजनकाटा ठीक होता. मग तिनं वाकून लेनाला उचललं आणि तिला घेऊन चढली. काटा मागे आला. खाली ठेवलं, एकटी चढली. काटा पुढे गेला.

रिकाम्या हातांनी ती जास्त भरत होती.

तिनं दोन्ही हात पुढे धरून पाहिले. काही नव्हतं. फक्त डावा हात कोपरात आपोआप वाकत होता, आणि कंबर एका बाजूला कललेली होती. ती कधीपासून अशी उभी राहत होती?

"बाई, आहात ना?" ओट्यावरून परिचारिकेचा आवाज आला. "एक विचारायचं राहिलं. ताप दोघांनाही आहे का?"

"दोघं कोण?" युस्टिना म्हणाली.

"तुमचा मोठा. मघापासून फोनजवळ बडबडतोय ना, म्हणून विचारलं."

युस्टिनानं ओट्याकडे पाहिलं. बरणी, फोन, ओट्याच्या कडेला पिठाचा पसरट डाग. त्या डागात चार बारीक रेघा होत्या, लहान बोटांनी ओट्याची कड धरून वर बघावं तशा. आपणच पिशवी उचलताना हात लागला असेल. तिचा हात एवढा लहान नव्हता.

टोपलीत लेना कण्हली. त्या आवाजानं युस्टिनाला भानावर आणलं. बाकी काहीही असो, हिला औषध लागणार होतं, आणि खरं वजन या घरात युस्टिनाला मिळणार नव्हतं. तिनं दार उघडलं आणि अंगणापलीकडे हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आई."

६

आगानेटाबाई आल्या, शाल लपेटून, चपळ पावलांनी. अंगणातला बर्फ वरून कडक झाला होता, त्यावर त्यांचे बूट रुततही नव्हते. त्यांनी लेनाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, सगळं ऐकून घेतलं. वजन का होत नाही, ते मात्र युस्टिनाला सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडून होत नाहीये."

"मग त्यात काय," आगानेटाबाई म्हणाल्या. "आण इकडे. मला कुठं सोन्यानं तोलायचंय."

त्या लेनाला घेऊन चढल्या, मग लेनाला युस्टिनाकडे देऊन एकट्या चढल्या. काटा जसा मागे यायला हवा तसाच आला. युस्टिनानं दोन्ही आकडे पानावर भरले, उत्तर आलं, ते परिचारिकेला सांगितलं. तिनं औषध किती ते सांगितलं आणि ताप उतरला नाही तर लगेच घेऊन या, म्हणाली. औषध पोटात गेलं. तासाभरानं लेनाच्या मानेला घाम फुटला, तिनं दूध ओढलं, आणि ती पाळण्यात शांत झोपली.

दोघी टेबलाशी बसल्या. आगानेटाबाईंनी कॉफी ओतली. युस्टिना त्यांच्या हातांकडे बघत म्हणाली,

"आई, ती तारीख खोटी होती."

कुठली तारीख, असं त्यांनी विचारलं नाही. कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला.

"माहीत आहे मला."

"तुम्हाला?"

"बारांची आई आहे मी, युस्टिना. मला चाल बघून महिना कळतो. लग्नात तू वाकून बूट बांधलास ना, तेव्हाच कळलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्याच लेकाला मंडळीसमोर उभा करू?" त्यांनी कप बाजूला सरकवला. "तू आलीस, म्हणालीस हलत नाही. मी म्हटलं तीन आठवडे आहेत. नव्हते. मला माहीत होतं, नव्हते. आणि तरी मी त्या कॅलेंडराकडे बघून तुला सांगितलं."

बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. दोघींपैकी कुणीही रडलं नाही.

"त्याला शेवटची आंघोळ मी घातली," आगानेटाबाई म्हणाल्या. "नखं केवढी वाढलेली. मी कात्री मागितली. तर तुझे सासरे म्हणाले, राहू दे आता, झाकण लावायचंय. तसाच गेला तो. मला अजून ते डाचतं, बघ. एवढंसं काम होतं."

त्यांनी कप विसळला, लेनाकडे एकदा डोकावून पाहिलं आणि शाल उचलली. मग निघण्याआधी त्यांनी एक केलं. खुर्चीत बसलेल्या युस्टिनाजवळ येऊन त्यांनी तिला खांद्याशी धरलं, जवळ घेतलं, आणि सोडलं.

७

दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा युस्टिनाला हलकं वाटलं. बोलून टाकलं की वाटतंच, तिनं मनाशी म्हटलं. पण ते हलकेपण मनातलं नव्हतं, खांद्यातलं होतं. कमरेतलं होतं. वजनकाटा अजून स्वयंपाकघरात तसाच पडला होता. ती त्यावर चढली, रिकाम्या हातांनी.

काटा तिच्या एकटीच्या वजनावर थांबला. लग्नाआधी ती जेवढी होती, जवळजवळ तेवढाच.

देवाचे आभार, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठच तिची नजर खिडकीतून अंगणात गेली.

आगानेटाबाई आपल्या घराकडे चालल्या होत्या. येताना ज्या बर्फावरून त्या पाखरासारख्या आल्या, तोच आता प्रत्येक पावलाला फुटत होता आणि बूट घोट्यापर्यंत आत जात होता. दुपारच्या उन्हानं बर्फ मऊ झाला असेल. होतो तसा. पण त्या चालत होत्या त्याला काय म्हणायचं? कंबर एका बाजूला काढलेली, डावा हात कोपरात वाकवून कुणाच्या तरी बुडाखाली धरावा तसा धरलेला, आणि मधेच थांबून त्यांनी एक हेलकावा देऊन तो हात वर सरकवला. घसरणाऱ्या पोराला सरकवतात तसा. त्या हातात काहीही नव्हतं. फक्त शाल खांद्यापाशी एका ठिकाणी गोळा झाली होती, मुठीत धरल्यासारखी. मूठ लहान होती.

त्या सत्तरीच्या होत्या, आणि त्यांचा डावा खांदा दुखायचा.

नको, घेऊन जा. हे युस्टिनानं एकदा म्हटलं होतं, आणि तेव्हाही त्याला याच बाईनं नेलं होतं.

तिला बूट घालायचंही सुचलं नाही. ती मोज्यांवरच दारातून धावली, बर्फात रुतत, धडपडत, आणि अंगणाच्या मध्यावर तिनं त्यांना गाठलं. आगानेटाबाई वळल्या. त्यांचा चेहरा रोजच्यासारखाच होता, थोडा दमलेला. मानेवर, कानाच्या खाली, एक ताजा ओरखडा होता.

युस्टिनानं दोन्ही हात पुढे केले.

"आई, द्या इकडे. तुमचा हात दुखेल."

आगानेटाबाईंनी तिच्या पुढे केलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्या जवळ आल्या, छातीला छाती लागेल इतक्या, आणि वाकल्या. खांद्यावरची शाल त्या मुठीतून सुटली आणि सपाट झाली.

"हळू," त्या पुटपुटल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

वजन आलं. डाव्या हातावर आधी, मग कमरेवर. तिच्या पायाखालचा बर्फ चरचरत खचला. मग तिच्या मानेवरून काहीतरी फिरलं, झोपेत चाचपडल्यासारखं, बारीक आणि टोकदार.

"नखं किती वाढलीत याची," ती म्हणाली. "चला, आई, आत चला. कात्री माझ्याकडे आहे."